शिमोनादाचा फलाट

जपान पाहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो तेथल्या अतिवेगवान आगगाडीविषयी. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो आणि ओसाका या शहरांना जोडून धावू लागलेली ती शिंकानसेन गाडी आम्हीही पाहिली, तीतून प्रवासही केला. परंतु तिच्याविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की आम्ही त्यात काही भर घालावी असे उरलेले नाही. आज आम्हांला ज्या स्टेशनाची हकीकत सांगावयाची आहे ते अगदी दुसऱ्या टोकाचे आहे. तेथे स्टेशनमास्तर नाही, तिकीटबाबू नाही, हमाल नाही, घंटा देणारा नाही. एक फलाट आहे, रुळांची एक जोडी आहे, लहानशी लाकडी इमारत आहे आणि समोर समुद्र आहे. स्टेशनाचे नाव शिमोनादा.

अशा स्टेशनाला जपानी भाषेत ‘मुजिन-एकी’ म्हणतात. ‘मु’ म्हणजे नसणे, ‘जिन’ म्हणजे माणूस आणि ‘एकी’ म्हणजे स्टेशन. यांतील ‘एकी’ हा शब्द मोठा बोलका आहे. तो ज्या चित्राक्षराने लिहितात त्याचा डावा अर्धा भाग म्हणजे घोड्याचे चिन्ह. आगगाडी जन्माला येण्यापूर्वी डाकेचे घोडे जेथे बदलत, जासूद जेथे घटकाभर टेकत, तो टप्पा म्हणजे ‘एकी’. घोडे गेले, आगगाड्या आल्या, आता कित्येक टप्प्यांवरची माणसेही गेली. अक्षर मात्र तेच राहिले. जपानी सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२०च्या मार्चअखेर देशात ९,४६५ स्टेशने होती आणि त्यांपैकी ४,५६४ स्टेशनांवर एकही कर्मचारी नव्हता. म्हणजे जवळजवळ निम्मी. आपल्याकडे एखाद्या ‘हॉल्ट’वर कमिशनवर तिकिटे विकणारा कोणीतरी झाडाखाली बसलेला असतो; येथे तोही नाही. ज्या देशाची ओळख आपल्याला गर्दीच्या फलाटांवरून आणि सेकंदाला बांधलेल्या वेळापत्रकावरून झालेली असते, त्या देशाचे हे दुसरे रूप पाहावे, अशी आमची पुष्कळ दिवसांची इच्छा होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो योग आला. आम्ही उभयता आणि ओसाकास नोकरीनिमित्त राहणारा आमचा भाचा असे तिघे निघालो. भाच्याला जपानी भाषा चांगली अवगत असल्यामुळे आमची मोठी सोय झाली. ओकायामा येथे गाडी बदलून आम्ही सेतो समुद्रावरील महासेतूने शिकोकू बेटावर उतरलो. हा सेतू १० एप्रिल १९८८ रोजी खुला झाला. तोवर आगगाडीचा उतारू या बेटावर यायचा तो बोटीने. जपानच्या चार मोठ्या बेटांत शिकोकू सर्वांत लहान. कोबो दाइशी या थोर बौद्ध आचार्यांच्या नावाने होणारी ८८ मंदिरांची यात्रा हे या बेटाचे वैभव. पांढरे वस्त्र पांघरून, हाती काठी घेऊन सुमारे बाराशे किलोमीटरांची ती वाट चालणाऱ्या यात्रेकरूंना वाटेवरचे लोक फळ, चहा, क्वचित चार नाणी देतात. या देण्याला ‘ओसेत्ताई’ असे नाव आहे. ज्यांनी पंढरीच्या वाटेवरची गावे पाहिली आहेत त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. शिमोनादाचा फलाट पाहताना आम्हांला या शब्दाची पुन्हा आठवण होणार होती.

आमचा मुक्काम मात्सुयामा शहरी होता. हे शहर मासाओका शिकी या कवीचे जन्मस्थान. तीन ओळींच्या त्या चिमुकल्या कवितेला ‘हायकू’ हे आजचे नाव रूढ करून दिले ते शिकींनी. पुढे शिरीष पै यांनी ती मराठीत आणली आणि रुजवली, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. या शहराशी आमचे आणखी एक नाते निघाले आणि ते अगदीच अनपेक्षित होते. मात्सुयामात १८८८ साली जी वाफेची छोटी रेल्वे सुरू झाली तिच्या रुळांतील अंतर होते ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आणि आम्ही बडोद्याची माणसे! खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई ते मियागाम या मार्गावर जे रूळ पडले आणि ज्यांवर आरंभी बैल जोडून गाडी ओढली गेली, तेही अडीच फुटांचेच. आज डभोईला रुंद रूळ आले आहेत, मात्सुयामाचेही रूळ केव्हाच बदलले. पण लहान गावांना मोठ्या जगाशी जोडण्यासाठी दोन दूरच्या मुलखांतील लोकांनी एकच माप निवडावे, याचे आम्हांला कौतुक वाटले.

मात्सुयामाहून शिमोनादा सुमारे २८ किलोमीटर. दुपारी आमची गाडी सुटली. गाडी कसली, एकच डबा! इयोशी नावाच्या स्टेशनापर्यंत वर विजेच्या तारा सोबतीला होत्या. तेथून पुढे त्या संपल्या. आमचा डबा डिझेलवर चालणारा असल्यामुळे त्याला त्या तारांची मुळातच पर्वा नव्हती. गाडीत गार्ड नव्हता. पांढरे हातमोजे घातलेला एक तरुण चालक हाच त्या गाडीचा चालक, गार्ड, तिकीटबाबू आणि तपासनीस. प्रत्येक सिग्नलाकडे बोट दाखवून तो त्याची स्थिती मोठ्याने उच्चारत असे. ऐकणारे कोणी नव्हते. ते त्याचे स्वतःलाच सांगणे होते. डोळ्यांनी पाहिलेले हाताने आणि तोंडाने पक्के करावयाचे, अशी जपानी रेल्वेची शिस्त आहे.

ज्या स्टेशनावर तिकीट विकणारे कोणी नाही तेथे चढणाऱ्याने काय करावे, याची व्यवस्था आम्हांला वाटेतच पाहावयास मिळाली. एका निर्जन फलाटावर एक आजीबाई मागील दाराने चढल्या. दाराशी एक यंत्र होते. त्यातून जिभेसारखी बाहेर आलेली कागदाची चिठ्ठी त्यांनी ओढून घेतली. चिठ्ठीवर एक आकडा छापलेला असतो. चालकाच्या डोक्यावर एक फलक आहे. त्यावर प्रत्येक आकड्याखाली त्या क्षणीचे भाडे उजळत असते आणि दर स्टेशनागणिक वाढत जाते. उतरताना पुढील दाराने उतरावयाचे, आपल्या आकड्याखालची रक्कम मोजून चिठ्ठीसह चालकाशेजारच्या पेटीत टाकावयाची. सुटे पैसे नसतील तर ती पेटीच मोड करून देते. आजीबाईंनी नाणी टाकली, चालकाने मान लववली, त्यांनीही लववली. सारा व्यवहार पाव मिनिटात आटोपला. संशय घ्यावयास वेळच नाही. किंबहुना संशय नाही म्हणूनच वेळ लागत नाही.

मुकाइबारा या स्टेशनापाशी रूळ दुभंगतात. शिमोनादाची सारी कथा या फाट्यात दडलेली आहे. डावीकडचा मार्ग डोंगराच्या पोटात शिरतो. त्यावर इनुयोसे नावाचा ६,०१२ मीटर लांबीचा बोगदा आहे. हा मार्ग ३ मार्च १९८६ रोजी सुरू झाला. उजवीकडचा मार्ग जुना. तो डोंगराला वळसा घालून समुद्राकडे जातो. नवा मार्ग सुरू होताच जलद गाड्या डोंगरातून जाऊ लागल्या आणि किनाऱ्याच्या वाट्याला उरल्या त्या एक-दोन डब्यांच्या सावकाश गाड्या. आमची गाडी अर्थातच उजवीकडे वळली. काही वेळाने झाडी विरळ झाली आणि खिडकीच्या बाहेर एकदम निळे, शांत, विस्तीर्ण पाणी उघडले. डब्यातील नेहमीच्या प्रवाशांनी मान वर करून पाहिले नाही. आम्ही तिघे मात्र खिडकीला चिकटलो.

शिमोनादास आमच्याबरोबर त्या आजीबाई उतरल्या आणि गाडी निघून गेली. डबा वळणाआड गेल्यावर त्याचा आवाजही थोड्या वेळाने विरला, आणि मग ज्या शांततेसाठी लोक येथे येतात ती आमच्याभोवती जमली.

फलाट उतारावर आहे. पाठीमागे डोंगर, त्याच्या अंगाखांद्यावर संत्र्याच्या जातीच्या फळांच्या बागा. पुढे इयोनादा, म्हणजे सेतो अंतर्समुद्राचा पश्चिमेकडील भाग. ‘नादा’ म्हणजे खुल्या पाण्याचा पट्टा, ‘शिमो’ म्हणजे खालचा. अलीकडचे मोठे स्टेशन कामिनादा, म्हणजे वरचे. आपल्याकडे वरची आळी-खालची आळी असते तसलाच हा प्रकार. पूर्वी कामिनादा हे गाव आणि शिमोनादा हे खेडे वेगळी नांदत. १९५५ साली दोन्ही मिळून ‘फुतामी’ झाले आणि २००५ साली फुतामी इयो शहराच्या हद्दीत विलीन झाले. गावांची नावे अशी एकात एक मिसळत गेली, तरी स्टेशनाच्या पाटीवरचे जुने नाव कायम राहिले. पुष्कळदा एखाद्या गावाचे मूळ नाव जपून ठेवण्याचे काम रेल्वेची पाटीच करीत असते.

फलाटावर कौलारू घराच्या आकाराचे एक साधे छप्पर, चार खांब आणि समुद्राकडे तोंड करून मांडलेला बाक. सजावट म्हणावी तर एवढीच. बाकावर बसले की रूळ खाली राहतात आणि पुढे पाणीच दिसते. एके काळी तर फलाटाच्या पायथ्याशीच लाटा येत आणि समुद्राला सर्वांत जवळ असलेले स्टेशन म्हणून जपानभर याची ख्याती होती. पुढे किनाऱ्याला भर घालून खालून राष्ट्रीय मार्ग क्रमांक ३७८ काढण्यात आला. त्यामुळे तो मान गेला. पण रस्ता बराच खाली असल्याने बाकावरून तो नजरेस पडत नाही. पूर्वी येथे रुळांच्या दोन जोड्या होत्या आणि समोरासमोरून येणाऱ्या गाड्या येथे एकमेकींना वाट देत. आता एकच जोडी आहे. एकमेकींना वाट देण्याइतक्या गाड्याच उरलेल्या नाहीत.

स्टेशनाचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मात्सुयामाकडून रूळ पुढे सरकत सरकत ९ जून १९३५ रोजी येथवर आले. चार महिने शिमोनादा हे शेवटचे स्टेशन होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रूळ नागाहामा बंदरापर्यंत पोचले. नागाहामाहून आत ओझु गावाकडे जाणारी एक खासगी छोटी रेल्वे १९१८ पासूनच होती आणि तिचेही माप ७६२ मिलिमीटरच! सरकारने ती विकत घेऊन तिचे रूळ जपानच्या नेहमीच्या १,०६७ मिलिमीटरांच्या मापाचे केले. हे माप आपल्या मीटर गेजहून अवघ्या ६७ मिलिमीटरांनी मोठे. पुढे २० जून १९४५ रोजी, म्हणजे युद्ध संपण्यापूर्वी दोनच महिने, हा मार्ग उवाजिमापर्यंत पूर्ण झाला. त्यानंतर चाळीस वर्षे या भागातील सर्व उतारू, सर्व जलद गाड्या याच फलाटावरून गेल्या. १९७७ साली दिग्दर्शक योजी यामादा यांच्या ‘ओतोको वा त्सुराई यो’ या अतिशय लोकप्रिय चित्रपटमालिकेच्या एकोणिसाव्या चित्रपटात कियोशी आत्सुमी यांचा तो फिरस्ता नायक तोरा-सान शिमोनादाच्या बाकावर झोपेतून जागा होतो. तोरा-सान म्हणजे घर असून घरी न टिकणारा माणूस. त्याला जागे करावयास दिग्दर्शकाने नेमकी ही जागा निवडावी, यात त्याचा चोखंदळपणा दिसतो.

मग आले १९८६. जलद गाड्या डोंगरात गेल्या. रेल्वेचे दिवसही बदलत होते. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९८७ रोजी, जपानची राष्ट्रीय रेल्वे मोडून तिच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या आणि शिमोनादा शिकोकूच्या कंपनीकडे आले. मुख्य मार्ग ज्या गावाला सोडून जातो त्या गावाचे काय होते, हे आपण आपल्या देशातही पाहिले आहे. प्रथम गाड्या कमी होतात, मग दुकाने मिटतात, मग तरुण मंडळी जातात. शिमोनादाच्या लोकांनी त्याच १९८६ साली एक निराळीच गोष्ट केली. आपल्यापाशी आहे काय, याचा त्यांनी विचार केला आणि उत्तर मिळाले: सूर्यास्त! तेव्हा त्यांनी स्टेशनाच्या फलाटावरच संध्याकाळी गाण्याबजावण्याचा जलसा भरविला. वादक फलाटावर, श्रोतेही तेथेच आणि पाठीमागे मावळणारा सूर्य. हा जलसा पुढे अनेक वर्षे उन्हाळ्याच्या अखेरीस होत राहिला. रिकाम्या फलाटाकडे पाहून ‘येथे आता काही होत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘येथे आता गाण्याला जागा झाली’ असे म्हणणारी ती माणसे कोण असतील ती असोत, त्यांना आमचा नमस्कार.

नंतर १९९०च्या दशकाच्या अखेरीस, स्वस्त सुटीच्या तिकिटाच्या जाहिरातपत्रकांवर या फलाटाचे छायाचित्र एकदा नव्हे, तीनदा झळकले. हे तिकीट १९८२ सालापासून निघते. नावात ‘तारुण्य’ आणि ‘अठरा’ हे शब्द असले तरी ते कोणत्याही वयाच्या माणसाला मिळते. अट एवढीच की जलद गाडीत बसावयाचे नाही, साध्या गाडीनेच फिरावयाचे. जलद गाड्यांनी टाकून दिलेले स्टेशन सावकाश प्रवासाचे चिन्ह बनले ते असे. २०१४च्या जुलैपासून ‘इयोनादा मोनोगातारी’ म्हणजे ‘इयोनादाची कथा’ नावाची पर्यटकांची गाडीही या मार्गावर धावू लागली. ती शिमोनादास काही मिनिटे थांबते आणि तिच्या वाटेवरचे गावकरी शेतातून, अंगणातून, घराच्या ओसरीवरून हात हलवून उतारूंचे स्वागत करतात. त्यांना त्याबद्दल कोणी वेतन देत नाही. ‘ओसेत्ताई’ हा शब्द आम्हांला पुन्हा आठवला तो येथे.

आम्हांला परतीच्या गाडीसाठी बराच वेळ थांबावयाचे होते. या मार्गावर दोन गाड्यांत कधी कधी दोन-दोन, तीन-तीन तासांचे अंतर असते. आम्ही स्टेशनाच्या इमारतीत डोकावलो. तिकिटाची खिडकी कायमची बंद. पण जमीन स्वच्छ, बाकांवर धुळीचा कण नाही. उतारूंनी लिहावे म्हणून एक वही ठेवलेली होती. भाच्याने तिच्यातली काही पाने आम्हांला वाचून दाखविली. कोणी परीक्षेत नापास होऊन आला होता, कोणी लग्नानंतर पहिल्या प्रवासाला, कोणी नुकतेच पितृशोकातून उठून. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांसाठी लिहिलेले हे मजकूर. वहीवर पहारा नव्हता आणि तिचे एकही पान फाटलेले नव्हते.

बाहेर फुलांच्या वाफ्याशी एक वृद्ध गृहस्थ वाकून तण उपटत होते. हे रेल्वेचे माणूस असावेत, असा आमच्या मंडळींचा तर्क. भाच्याने विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘छे, आमचे घर येथून वर आहे.’’ जणू एवढ्या उत्तरात सारे काही आले! मग हळूहळू बोलू लागले. लहानपणी याच फलाटावरून ते शाळेला जात. तेव्हा येथे स्टेशनमास्तर असे. उशीर झालेल्या मुलाला धावत येताना पाहिले की तो दोन क्षण शिटी तोंडाशी धरून उभा राही. ‘‘आता शिटी नाही,’’ ते म्हणाले, ‘‘पण फुले तरी हवीत. येणारे लोक दुरून येतात.’’ आमच्या पत्नीने त्यांना पिशवीतील शेंगदाण्याची चिक्की दिली. ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, घरी गेले आणि थोड्या वेळाने तीन मोठी इयोकान घेऊन आले. इयोकान हे इयो प्रांताचे नाव धारण करणारे, संत्र्याहून मोठे आणि जाड सालीचे रसाळ फळ. देण्याघेण्याचा हिशेब त्यांच्याच बाजूने भारी राहिला.

‘येणारे लोक’ एव्हाना दिसू लागले होते. ऊन कलले तशा खालच्या रस्त्याने मोटारी येऊ लागल्या. स्टेशनाबाहेर गाडीवर कॉफी विकणाऱ्याकडे गर्दी झाली. तरुण-तरुणींचे थवे फलाटावर आले. त्या एका बाकावर बसून, समुद्राकडे पाहत, पाठमोरे छायाचित्र काढून घेण्यासाठी रीतसर रांग लागली. कोणी ढकलाढकली केली नाही. आपला क्रम आला की बसावयाचे, छायाचित्र झाले की उठावयाचे. आम्ही मोजले नाही, पण साठ-सत्तर माणसे सहज असावीत. कर्मचारी नसलेल्या स्टेशनात आम्ही त्या दिवशी पाहिलेल्या कित्येक गावांतल्या रस्त्यांहून अधिक माणसे होती.

इतक्यात ओझुच्या दिशेने जाणारी गाडी आली. तीतून चार-पाच शाळकरी मुले उतरली. जपानात शाळेचे वर्ष एप्रिलात सुरू होते. त्यामुळे दोघांचे गणवेश कोरे करकरीत आणि वाढत्या अंगाचा विचार करून शिवलेले होते. मुलांनी चालकाला पास दाखविले, गर्दीतून वाट काढली आणि समुद्राकडे न पाहता चढणीने घराकडे निघून गेली. गाडीही गेली. छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी गाडीत एकही चढला नाही. सगळ्यांच्या मोटारी खाली उभ्या होत्या.

त्या क्षणी आम्हांला होक्काइदो बेटावरील क्यू-शिराताकी स्टेशनाची गोष्ट आठवली. एका शाळकरी मुलीसाठी जपानी रेल्वेने अख्खे स्टेशन चालू ठेवले, ही कथा २०१६ साली जगभर पसरली आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांना ती भ्रमणध्वनीवरून पोचलीही असेल. कथा गोड आहे. परंतु जशी सांगितली जाते तशी खरी नाही. ती गाडी त्या एकट्या मुलीसाठी नव्हती; त्या भागातील इतर मुलेही तिनेच शाळेस जात. ते स्टेशन आणि त्याच्या शेजारची आणखी दोन स्टेशने मार्च २०१६ मध्ये वेळापत्रक बदलताना बंद झाली आणि त्याच महिन्यात त्या मुलीचे शाळेचे शिक्षण पूर्ण झाले, इतकाच योग. आम्हांला खरी गोष्ट त्या गोड कथेहून अधिक विचार करण्यासारखी वाटते. सारे जग हळहळत असताना स्टेशने बंद झालीच. हळहळणाऱ्यांपैकी कोणाला त्या गाडीने कोठे जावयाचे नव्हते.

शिमोनादापुढे हाच प्रश्न आहे. शिकोकू बेटावरील या कंपनीच्या २५९ स्टेशनांपैकी चार पंचमांशांहून अधिक स्टेशनांवर आज माणूस नाही. बेटाची लोकसंख्या घटते आहे, मोटारी घरोघर आहेत, शाळांतील मुले कमी होत आहेत. ज्या मार्गांवर उतारू अत्यल्प आहेत त्यांच्या भवितव्याची चर्चा गावांनी आणि कंपनीने एकत्र बसून सुरू करावी, अशी भूमिका कंपनीने २०२३ साली जाहीरपणे मांडली. त्या मार्गांत मुकाइबारापासून ओझुपर्यंतचा हा किनाऱ्याचा मार्गही आहे. म्हणजे जपानातील बहुधा सर्वांत अधिक छायाचित्रे निघालेल्या फलाटांपैकी एक फलाट अशा मार्गावर आहे, की ज्याचा खर्च भाड्यातून निघत नाही. कंपनीला नुसता दोष देऊन भागणार नाही. रूळ, पूल, दरडी यांची देखभाल कवितेवर होत नसते. पण गावाचेही खोटे नाही. ज्या दिवशी गाडी बंद होईल त्या दिवशी बाक राहील, समुद्र राहील, सूर्यास्तही राहील. परंतु त्या दोन नव्या गणवेशांतील मुलांना आणि चिठ्ठीवरच्या आकड्याप्रमाणे नाणी मोजणाऱ्या आजीबाईंना दुसरी सोय शोधावी लागेल. आणि ज्या स्टेशनात गाडी येत नाही ते स्टेशन पाहण्यास तरी लोक किती दिवस येतील?

भाच्याने हा प्रश्न त्या वृद्ध गृहस्थांना हळूच विचारला. त्यांनी तक्रार केली नाही. ‘‘महिन्यातून दोनदा इस्पितळात जातो,’’ ते म्हणाले, ‘‘मुलगा मोटारीने सोडतो म्हणतो. मी गाडीनेच जातो.’’ आणि पुन्हा वाफ्याकडे वळले. त्यांचे सारे मत या एका वाक्यात आम्हांला कळले. फुलांची निगा आणि गाडीचे भाडे, दोन्हीही ते आपल्या परीने भरीत होते.

सूर्यास्ताचे वर्णन आम्ही करीत नाही. ते ज्याने त्याने पाहावे. वसंतातील धुक्यामुळे बिंब तांबूस आणि सौम्य होते, पाण्यावर एकच उभी पट्टी हलत होती आणि इतका वेळ कुजबुजणारा फलाट आपोआप गप्प झाला होता, इतके सांगितले तरी पुरे. बिंब बुडताच लोक खाली उतरले, मोटारींचे दिवे एकामागून एक लागले आणि रस्त्याने निघून गेले. कॉफीवाल्याने आपले दुकान आवरले. फलाटावर आम्ही तिघे आणि एक प्रवासी विद्यार्थी एवढेच उरलो. छपराखालचा दिवा लागला. पाणी दिसेनासे झाले. त्याचा आवाज मात्र आता ऐकू येऊ लागला.

मात्सुयामाकडील गाडी ठरल्या मिनिटाला आली. मागील दाराने चढताना आम्ही प्रत्येकी एकेक चिठ्ठी ओढून घेतली. चिठ्ठी बोटाएवढी, कागद पातळ, त्यावर आकडा. शिमोनादास तिकीट विकत मिळत नाही, तेव्हा येथून निघालेल्या प्रवाशाजवळ पुरावा म्हणून असतो तो एवढाच कागद. आमच्या पत्नीच्या मनात ती चिठ्ठी आठवण म्हणून वहीत जपून ठेवावी असे होते. भाचा म्हणाला, ‘‘मामी, ती परत द्यावी लागते. तिच्याशिवाय आपण कोठून आलो हे त्यांना कसे कळणार?’’ तेव्हा मात्सुयामास उतरल्यावर आम्ही तिन्ही चिठ्ठ्या आणि मोजलेले भाडे खिडकीवर ठेवले. तेथील कर्मचाऱ्याने आकडा पाहिला, ‘‘शिमोनादा,’’ असे म्हटले आणि मान लववली.